क्रोनश्टाटचे खलाशी बदलले होते की सत्ता बदलली होती?

प्रश्न थोडक्यात असा आहे : "आमच्या अभ्यासमंडळात रशियन क्रांतीचे वाचन चालू आहे. १९१७ मध्ये बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्ट पक्षाला, सत्तेवर आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते क्रोनश्टाटचे खलाशी मार्च १९२१ मध्ये त्याच बोल्शेविकांवर उलटले. मंडळातील एक गृहस्थ म्हणतात की १९१७ चे खलाशी तोवर आघाड्यांवर पांगले होते आणि हे दुसरेच, परकीयांच्या चिथावणीने उठलेले लोक होते. दुसरे म्हणतात की तेच खरे क्रांतिकारक. तीन बैठका झाल्या, वाद मिटत नाही. नेमके काय मानावे?"

महाविद्यालयात आधुनिक युरोपचा इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आणि हा वाद मी वर्गात जवळजवळ दरवर्षी ऐकला आहे. तो मिटत नाही याचे कारण बहुधा असे, की तीन वेगळे प्रश्न एकाच दोरीला बांधून ओढले जातात. उठाव करणारे लोक कोण होते, हा एक प्रश्न. त्यांना कोणी उठवले, हा दुसरा. आणि सरकारने जे केले ते करण्यावाचून त्याला गत्यंतर होते का, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांना पुराव्याने उत्तर देता येते आणि ते बऱ्यापैकी ठाम देता येते; तिसऱ्याचे उत्तर मात्र आपण कशाला किती किंमत देता यावर अवलंबून राहते. होते असे, की माणसे तिसऱ्याचे उत्तर मनाशी आधीच ठरवून येतात आणि मग पहिल्या दोहोंचे पुरावे त्याच्या मापाने कापतात. मीही सुरुवातीची काही वर्षे हेच केले, हे कबूल केले पाहिजे; फरक एवढाच की मी कोणत्या बाजूने कापतो आहे हे माझ्या विद्यार्थ्यांच्या माझ्याआधी लक्षात आले.

शब्दापासूनच सावध राहावे. मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको, कारण १८५७ ला 'शिपायांचे बंड' म्हणणारा आणि 'स्वातंत्र्यसमर' म्हणणारा यांनी पुढचे एक वाक्यही न बोलता आपापला निकाल देऊन टाकलेला असतो. क्रोनश्टाटच्या बाबतीत सोव्हिएत ग्रंथ 'बंडाळी' म्हणत आले आणि खलाशी स्वतः आपल्या कृत्याला 'तिसरी क्रांती' म्हणत. मी 'उठाव' म्हणतो. तोही निःपक्षपाती शब्द आहे असा माझा दावा नाही, परंतु त्यातल्या त्यात तो कमी बोलतो.

आता मूळ माणसांकडे येऊ. क्रोनश्टाट म्हणजे पेट्रोग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) पश्चिमेस सुमारे तीस किलोमीटरवर, फिनलंडच्या आखातातील कोटलिन बेटावर वसलेले बाल्टिक आरमाराचे किल्लेबंद ठाणे. १९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीत तेथील खलाशांनी आपला लष्करी गव्हर्नर ॲडमिरल वीरेन याच्यासह अनेक अधिकाऱ्यांना ठार मारले. ते साधुसंत नव्हते, हे आरंभीच नोंदवलेले बरे. मे महिन्यात तेथील सोव्हिएतने, म्हणजे निवडलेल्या प्रतिनिधींच्या सभेने, बेटावर आपल्याखेरीज कोणाचीही सत्ता नाही असे जाहीर करून टाकले. जुलैमध्ये खलाशी पेट्रोग्राडच्या रस्त्यांवर उतरले. बोल्शेविक नेता ट्रॉट्स्कीने त्यांना क्रांतीचे भूषण आणि अभिमान म्हटले ते याच काळात.

त्याच जुलैमधला एक प्रसंग लक्षात ठेवा, पुढे तो दोनदा उपयोगी पडेल. सोशलिस्ट रेव्होल्युशनरी पक्षाचे नेते आणि तेव्हाचे शेतकी मंत्री व्हिक्टर चेर्नोव जमावाची समजूत घालायला ताव्रिद प्रासादाबाहेर आले, तेव्हा खलाशांनी त्यांनाच धरून मोटारीत कोंबले, आणि शेवटी ट्रॉट्स्कीला मोटारीवर चढून त्यांची सुटका करवून घ्यावी लागली. सहा महिन्यांनी, जानेवारी १९१८ मध्ये, चेर्नोव नव्या राज्यघटनेसाठी निवडलेल्या संविधान सभेचे अध्यक्ष झाले. सभा पहिल्याच रात्री उधळली गेली आणि 'पहारेकरी थकले आहेत, आता आटोपते घ्या' असे अध्यक्षांना येऊन सांगणारा झेलेझ्न्याकोव हाही बाल्टिकचाच खलाशी, विचाराने अराजकतावादी. म्हणजे बोल्शेविकांचे राज्य ज्या हातांनी उभे केले त्यांत हे हात अगदी पुढे होते.

मग तीन वर्षांत असे काय झाले? याचे उत्तर बेटावर शोधू नका, खेड्यात शोधा. बोल्शेविक आणि त्यांचे विरोधक 'श्वेत' यांच्यातील यादवी युद्धाच्या काळात शहरे आणि सैन्य पोसण्यासाठी सरकारने शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य उचलले. आपल्याकडे 'लेव्ही' हा शब्द जुन्या शेतकऱ्यांना चांगलाच ठाऊक आहे; पण आपल्या लेव्हीत काही ना काही भाव मिळे आणि घरात धान्य उरे. रशियात सशस्त्र तुकडी येई, 'वरकड' किती ते तीच ठरवी आणि अनेकदा बियाणेही उचलून नेई. खलाशी बहुतेक याच घरांतले होते. युद्ध चालू असेतोवर त्यांना रजा क्वचित मिळे आणि घरची पत्रे तपासणीतून गाळून येत. नोव्हेंबर १९२० मध्ये श्वेतांच्या जनरल व्रांगेलचे सैन्य क्रिमिया सोडून गेले, युरोपीय रशियातले मोठे युद्ध संपले आणि रजा मिळू लागल्या. 'पेत्रोपाव्लोव्स्क' युद्धनौकेवरचा कारकून स्तेपान पेत्रिचेन्को, जो पुढे उठावाचा प्रमुख झाला, त्याने नंतर सांगितले की गावी गेल्यावर आईबापांनी विचारले, 'या जुलूम करणाऱ्यांसाठी तुम्ही का लढता?' आणि तेथून आम्ही विचार करू लागलो. जानेवारी १९२१ या एकाच महिन्यात बाल्टिक आरमारातल्या सुमारे पाच हजार खलाशांनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व सोडले. उठावाला अजून महिनाभर अवकाश होता आणि कोणाही परकीय हेराची त्यासाठी गरज पडली नव्हती.

शहराची स्थिती वेगळी नव्हती. १९१७ मध्ये वीस लाखांहून अधिक वस्तीचे पेट्रोग्राड १९२० च्या अखेरीस सात लाखांच्या आसपास येऊन ठेपले होते. २२ जानेवारी १९२१ रोजी पावाचा शिधा एक तृतीयांशाने कापल्याची घोषणा झाली. कामगार खेड्यात जाऊन पिठाची पिशवी किंवा चार बटाटे आणू पाहत, तर वाटेवर नाकाबंदी पथके उभी. खासगी व्यापार म्हणून ती पिशवी काढून घेत. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कारखान्यांतून संप सुरू झाले, २४ तारखेला शहरात लष्करी कायदा लागू झाला. या संपांचे खरे काय ते पाहायला क्रोनश्टाटच्या नौकांनी आपली माणसे पाठवली आणि ती परतल्यावर २८ फेब्रुवारीला 'पेत्रोपाव्लोव्स्क'च्या खलाशांनी पंधरा कलमी ठराव केला. १ मार्चला नांगर चौकात सुमारे पंधरा हजार माणसांची सभा झाली. प्रजासत्ताकाचे नामधारी अध्यक्ष कालिनिन स्वतः बोलायला आले होते. त्यांचे बोलणे लोकांनी हाणून पाडले, ठराव प्रचंड बहुमताने संमत केला आणि नंतर कालिनिनना सुखरूप पेट्रोग्राडला परत जाऊ दिले. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधींच्या सभेत, कम्युनिस्टांच्या सशस्त्र तुकड्या चाल करून येत असल्याची अफवा उठली आणि त्या गोंधळात तात्पुरती क्रांतिकारी समिती नेमली गेली. ती अफवा खोटी होती. सत्ता हाती घेण्याचा निर्णय अफवेच्या घाईत झाला, ही गोष्ट पूर्वनियोजित कट मानणाऱ्यांनी आणि भव्य क्रांती मानणाऱ्यांनी, दोघांनीही ध्यानात घेण्यासारखी आहे.

वर्गात मी एक प्रयोग करीत असे. ठरावाची पंधरा कलमे मराठीत करून, वर ना गाव ना तारीख, असा कागद वाटायचा आणि विचारायचे की हे लिहिणारे कोण असावेत. मुख्य कलमे अशी होती : सध्याची सोव्हिएते कामगार-शेतकऱ्यांची इच्छा व्यक्त करत नाहीत, म्हणून गुप्त मतदानाने त्यांच्या ताबडतोब नव्या निवडणुका घ्याव्यात, कामगार, शेतकरी, अराजकतावादी आणि डावे समाजवादी पक्ष यांना भाषण व मुद्रण स्वातंत्र्य असावे, समाजवादी पक्षांचे राजबंदी सोडावेत, सैन्यातले पक्षाचे राजकीय विभाग बंद करावेत, नाकाबंदी पथके उठवावीत, धोक्याची कामे करणाऱ्यांखेरीज सर्व श्रमिकांना सारखा शिधा मिळावा, आणि शेतकऱ्याला, तो मजूर न लावता स्वतः राबत असेल तर, आपल्या जमिनीवर व जनावरांवर पूर्ण हक्क असावा. बहुतेक विद्यार्थी १९१७ म्हणत. काही जण, आणि हे मला विशेष वाटे, 'बोल्शेविकांचा जाहीरनामा' असेच लिहीत.

त्या कागदावर काय नाही हेही पाहावे. भांडवलदारांना कारखाने परत देण्याची मागणी नाही. जमीनदारांचा उल्लेख नाही. संविधान सभा पुन्हा बोलवा असेही कोठे नाही. जी सभा याच आरमाराच्या माणसांनी उधळली होती तिची आठवण त्यांनी काढली नाही. सर्वांना स्वातंत्र्य द्या असेही ते म्हणत नव्हते. त्यांचे स्वातंत्र्य डाव्यांपुरते होते, आणि उदारमतवादी म्हणून त्यांचा गौरव करणाऱ्यांनी हे कलम पुन्हा वाचावे. 'कम्युनिस्टांविना सोव्हिएते' ही जी घोषणा सर्वत्र उद्धृत होते, ती ठरावात नाही. समितीच्या लिखाणातला भर 'सत्ता सोव्हिएतांची, पक्षांची नव्हे' यावर होता. सोव्हिएत म्हणजे कामगारांनी, सैनिकांनी, शेतकऱ्यांनी निवडलेल्या आणि हवे तेव्हा परत बोलावता येणाऱ्या प्रतिनिधींची सभा, हा १९१७ चा अर्थ त्यांच्या डोक्यात तसाच राहिला होता. मधल्या काळात त्याच शब्दाचा अर्थ सरकारच्या लेखी 'पक्षाच्या निर्णयावर शिक्का मारणारे मंडळ' असा झाला होता. म्हणून 'खलाशी उलटले' या आपल्या प्रश्नातील क्रियापदाविषयीच मला शंका आहे. ते जागच्या जागी उभे होते. सरकले होते ते दुसरे.

परंतु ही तीच माणसे होती का? आपल्या मंडळातील गृहस्थांचा आक्षेप जुना आहे आणि तो क्षुल्लक नाही. ट्रॉट्स्कीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस, स्वतः परागंदा असताना, हेच म्हटले होते : १९१७ चे उत्तम खलाशी आघाड्यांवर गेले आणि मागे नवे, खेड्यातून आलेले, कच्चे लोक राहिले. तर्क म्हणून हे पटण्यासारखे आहे, कारण हजारो खलाशी खरोखरच बोल्शेविकांच्या लाल सेनेबरोबर आघाड्यांवर गेले होते. पण तर्काच्या शेजारी हजेरीपट असेल तर आधी हजेरीपट वाचावा. उठावात पुढे असलेल्या 'पेत्रोपाव्लोव्स्क' आणि 'सेवास्तोपोल' या दोन युद्धनौकांवरील ज्या २,०२८ खलाशांच्या भरतीचे वर्ष ठाऊक आहे, त्यांतील १९१८ ते १९२१ या काळात भरती झालेले अवघे १३७ निघतात. बाकीचे सारे १९१७ किंवा त्याआधीचे. बेटावरील एकूण शिबंदीत नवे लोक याहून जास्त असणार, हे मान्य. तोफखान्यात, पायदळात माणसे बदलत राहिली होती. पण ज्या दोन नौकांनी ठराव लिहिला, त्यांवर तरी जुनीच मंडळी होती. 'ते दुसरेच लोक होते' हे म्हणणे म्हणून टिकत नाही.

दुसरा प्रश्न चिथावणीचा. सरकारने २ मार्चलाच जाहीर केले की हा श्वेत सेनापती कोझ्लोव्स्की याचा, फ्रेंच हेरखात्याच्या मदतीने रचलेला कट आहे. कोझ्लोव्स्की खरा होता, झारच्या सैन्यातला जुना जनरल होता आणि क्रोनश्टाटच्या तोफखान्याचा प्रमुख होता. फक्त त्याला तेथे बोल्शेविकांनीच लष्करी तज्ज्ञ म्हणून नेमले होते. पॅरिसच्या वृत्तपत्रांत फेब्रुवारीच्या मध्यासच क्रोनश्टाटमध्ये उठाव झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, हेही खरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परागंदा रशियनांच्या एका संघटनेच्या कागदांत क्रोनश्टाटला वसंतात उठाव घडवण्याविषयीचे एक गुप्त टिपण पुढे सापडले. म्हणजे श्वेतांना क्रोनश्टाटमधल्या असंतोषाचा वास आला होता आणि त्यावर आपली पोळी भाजून घेण्याची त्यांची इच्छा होती. इच्छा असणे आणि हात असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर मोजण्याची माझी पद्धत अशी आहे : कट करणाऱ्याने काय केले असते ते मांडावे आणि प्रत्यक्षात काय झाले त्याच्याशी ताडून पाहावे.

क्रोनश्टाटचा नकाशा घेतला तर पहिली गोष्ट दिसते ती बर्फ. मार्चच्या आरंभी आखात गोठलेले असते. पायदळ दोन्ही किनाऱ्यांवरून चालत बेटावर येऊ शकते आणि युद्धनौका जागच्या हलू शकत नाहीत. चारपाच आठवडे थांबले की बर्फ वितळतो, बेट सभोवार पाण्याने वेढले जाते, नौका मोकळ्या होतात, परदेशातून धान्य व दारूगोळा येऊ शकतो आणि पेट्रोग्राड आरमारी तोफांच्या छायेत येते. त्या गुप्त टिपणातही उठाव वसंतात, बर्फ वितळल्यावर व्हायचा होता आणि धान्य पोहोचवण्याची चिंता त्यात होती. कोणीही डोके ठिकाणावर असलेला कटवाला १ मार्चला हे सुरू करणार नाही. बेटावर अन्नसाठा बेताचा होता आणि दोन्ही मोठ्या नौका बर्फात एकमेकींशेजारी अशा अडकल्या होत्या की एकीच्या तोफांना दुसरीची आडकाठी होई.

दुसरी गोष्ट म्हणजे सल्ला. कोझ्लोव्स्की आणि त्याच्याबरोबरचे अधिकारी क्रांतिकारी समितीला सांगत होते की किनाऱ्यावरील ओरानिएनबाउमवर ताबडतोब चाल करा, तेथे धान्य आहे आणि सामील होऊ पाहणारे सैनिक आहेत. तेथील आरमारी विमानपथकाने उठावाला पाठिंबा दिलाही होता. त्याच्या ४५ जणांना सरकारने गोळ्या घातल्या. बेटाभोवतीचा बर्फ तोफांनी फोडा, असाही सल्ला होता. समितीने यांतले काही केले नाही. पहिली गोळी आपण झाडायची नाही, पेट्रोग्राडचे कामगार आपल्यासाठी उठतील, अशी तिची समजूत होती. लष्करीदृष्ट्या हा शुद्ध आत्मघात होता. पण जनरलच्या हातातील बाहुली जनरलचा सल्ला धुडकावीत नाही. पेट्रोग्राडचे कामगार उठले नाहीत. तेथे संपाचे पुढारी पकडले गेले, दुसरीकडून शिधा वाढवला गेला, नाकाबंदी पथके हटवली गेली आणि संप विरला.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आपले चेर्नोव. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते एस्टोनियात होते. तेथून त्यांनी समितीला निरोप पाठवला की माणसे आणि धान्य यांची मदत करतो. १९१७ मध्ये ज्याला मोटारीत कोंबले आणि १९१८ मध्ये ज्याची सभा उधळली, तोच माणूस आता हात पुढे करत होता, आणि उपासमार दारात असताना समितीने आभार मानून तूर्त नको असे कळवले.

या पुराव्यावरून मी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे देतो : उठाव बाहेरून घडवलेला नव्हता. मात्र पराभवानंतर फिनलंडमध्ये पोहोचलेल्या पेत्रिचेन्कोने त्याच वर्षी व्रांगेलच्या माणसांशी बोलणी केली, हेही सांगितले पाहिजे. काही खलाशांच्या बोलण्यात ज्यूद्वेष डोकावतो, तोही लपवू नये. पण नंतर निर्वासित छावणीत केलेल्या तडजोडीवरून आधीचा हेतू काढणे हा उलटा प्रवास झाला.

आता लढाईविषयी थोडेच. सरकारने पेट्रोग्राडमध्ये खलाशांच्या कुटुंबीयांना ओलीस धरले. पेट्रोग्राडचा पक्षप्रमुख झिनोव्हिएव याच्या संरक्षण समितीने विमानातून पत्रके टाकली, त्यांत तित्तरांसारखे टिपले जाल अशी धमकी होती. एमा गोल्डमन आणि अलेक्झांडर बर्कमन हे पेट्रोग्राडमध्ये राहणारे अराजकतावादी ५ मार्चला लिहून कळवीत होते की वाटाघाटीसाठी मंडळ पाठवा. ते पाठवले गेले नाही. ७ तारखेच्या संध्याकाळी तोफा सुरू झाल्या, ८ तारखेला लाल सेनेचा सेनापती तुखाचेव्स्की याच्या हाताखालील सैनिक पांढरे अंगरखे घालून हिमवादळात बर्फावरून चालले आणि मागे हटले. कित्येक जण तोफांनी फुटलेल्या बर्फाखाली बुडाले. त्याच दिवशी क्रोनश्टाटच्या रेडिओवरून जगातल्या श्रमिक स्त्रियांना महिला दिनाच्या शुभेच्छा पाठवल्या जात होत्या. १४ मार्चला ओरानिएनबाउमला २७ व्या ओम्स्क डिव्हिजनच्या पलटणींनी बर्फावर उतरायला नकार दिला आणि त्यांतल्या अनेकांना गोळ्या घातल्या गेल्या. अखेर १६-१७ च्या रात्री पन्नास हजारांच्या आसपास सैन्य, मॉस्कोच्या पक्ष अधिवेशनातून आलेले सुमारे तीनशे प्रतिनिधी बरोबर घेऊन, बेटावर चालून गेले. बचावाला सुमारे पंधरा हजार होते. १८ तारखेस सारे संपले. त्या दिवशी पॅरिस कम्यूनचा, म्हणजे १८७१ मधील पॅरिसच्या अल्पायुषी क्रांतिकारी राजवटीचा, पन्नासावा वर्धापनदिन होता आणि सरकारने तो साजरा केला.

सुमारे आठ हजार लोक बर्फावरून फिनलंडला गेले. मागे राहिलेल्यांपैकी उन्हाळ्यापर्यंत २,१०३ जणांना मृत्युदंड आणि ६,४५९ जणांना कैद किंवा छावणीची शिक्षा झाली. लाल सेनेचे अधिकृत आकडे ५२७ मृत आणि ३,२८५ जखमी असे आहेत, ते अनेक इतिहासकार फारच कमी मानतात. आखातातील बर्फावर एवढी प्रेते पडली होती की ती वितळल्यावर आपल्या किनाऱ्याला लागतील म्हणून फिनलंडने ती उचलण्याची मागणी केली. बेटावर समितीच्या ताब्यात सुमारे तीनशे कम्युनिस्ट होते. त्यांपैकी एकालाही ठार मारले गेले नाही.

तिसऱ्या प्रश्नाला मात्र मी आपल्याला तयार उत्तर देणार नाही, कारण येथे परिस्थितीचा अंदाज आणि आपली मूल्ये यांची सरमिसळ होते. सरकारच्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद सरकारचा नव्हता, तो लेखक व क्रांतिकारक व्हिक्टर सर्जचा होता. तेव्हा पेट्रोग्राडमध्ये असलेल्या या माणसाला ठाऊक होते की कोझ्लोव्स्कीची कथा रचलेली आहे, आणि ते त्याने पुढे लिहूनही ठेवले. तरीही तो पक्षाबरोबर राहिला. त्याचा विचार असा की देश थकलेला आहे, तांबोव प्रांतात आणि पश्चिम सायबेरियात शेतकरी उठलेले आहेत. बोल्शेविक पडले तर सत्ता खलाशांकडे राहणार नाही, अराजक माजेल आणि शेवटी श्वेतच येतील. हा अंदाज खरा की खोटा हे तपासता येत नाही. ज्याला तो खरा वाटतो तो गोळीबाराला नाइलाज म्हणेल. ज्याला वाटते की मार्चच्या आरंभी एक मंडळ बेटावर पाठवले असते तर भागले असते, तो गुन्हा म्हणेल. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, आणि का ते सांगतो.

मॉस्कोत ८ मार्चपासून पक्षाचे दहावे अधिवेशन चालू होते. १५ तारखेला, म्हणजे शेवटच्या हल्ल्याच्या आदल्या दिवशी, लेनिनने सक्तीची धान्यवसुली बंद करून ठरावीक धान्यकर लावण्याचा ठराव तेथे संमत करून घेतला. नवे आर्थिक धोरण म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या धोरणाचा आरंभ तो. शेतकऱ्याला आपल्या उरलेल्या धान्याचे काय करायचे हे ठरवू द्या, ही क्रोनश्टाटच्या कागदावरची मागणी बहुतांशी मान्य झाली. या बदलाचा विचार फेब्रुवारीतच सुरू झाला होता, तेव्हा तो निव्वळ क्रोनश्टाटमुळे झाला असे म्हणू नये. त्याच अधिवेशनात लेनिन म्हणाला की तेथील लोकांना श्वेतही नको आहेत आणि आमची सत्ताही नको आहे. म्हणजे जाहीर पत्रकांत श्वेतांचा कट आणि आपल्या माणसांसमोर हे. आणि याच अधिवेशनाने पक्षांतर्गत गटांना बंदी घातली. पोटाचे कलम घेतले आणि मतपेटीचे कलम बर्फावर गाडले. ज्या मागणीची किंमत धान्यात मोजता येत होती ती पंधरवड्यात मान्य होऊ शकली, तर दुसरीवर निदान बोलणी अशक्य होती हे मला पटत नाही. आपल्याला पटू शकते. त्याला माझी हरकत नाही.

दोन्ही सदस्यांना आणखी एक सांगा. हा उठाव चिरडणाऱ्यांमध्ये पावेल दिबेन्को होता, जो स्वतः बाल्टिक आरमाराचा खलाशी आणि १९१७ चा वीर. म्हणजे जुने खलाशी बर्फाच्या दोन्ही अंगांना होते, आणि 'खरे कोण' हा प्रश्न कुळावरून सुटणारा नाही. तुखाचेव्स्कीला १९३७ मध्ये, दिबेन्कोला १९३८ मध्ये, झिनोव्हिएवला त्याही आधी १९३६ मध्ये त्यांच्याच सरकारने गोळी घातली, आणि आरोपांची भाषा क्रोनश्टाटवर वापरलेल्या भाषेपेक्षा फार निराळी नव्हती. पेत्रिचेन्कोला १९४५ मध्ये फिनलंडमधून सोव्हिएत संघाच्या हवाली करण्यात आले, दोन वर्षांनी तो छावणीत वारला. 'पेत्रोपाव्लोव्स्क'चे नाव फ्रेंच राज्यक्रांतीतल्या पुढाऱ्यावरून 'मारात' झाले आणि 'सेवास्तोपोल'चे 'पॅरिस कम्यून'. खलाशांवरचे आरोप अधिकृतपणे मागे घेतले गेले ते जानेवारी १९९४ मध्ये, रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या हुकुमाने.

पुढच्या बैठकीसाठी सूचना एवढीच, की चर्चा निकालापासून सुरू करू नका. पंधरा कलमांचा कागद तारीख न घालता वाटा, प्रत्येकाला त्यावर वर्ष लिहू द्या आणि कागद गोळा करून मोठ्याने वाचा. त्यानंतर आखाताचा नकाशा मांडा आणि बर्फ केव्हा वितळतो ते विचारा. माझ्या वर्गात एवढ्यावर पहिले दोन प्रश्न साधारण पाऊण तासात निकाली निघत, आणि तिसऱ्यावर तास संपल्यानंतरही मुले व्हरांड्यात भांडत उभी राहत.